फाडा गं, फाडा!

अनोळखी माणसाला काहीही शिकवता येतं. तो पैसे भरून आलेला असतो, वहीत लिहून घेतो, "मॅडम" म्हणतो आणि आपण ब्रश हातात धरला की निदान भुवया तरी वर नेतो. मैत्रिणींचं तसं नाही. जिने आपल्याला कॉलेजच्या मेसमध्ये उसळीतल्या मिरच्या वेचून ताटाच्या कडेला लावताना पाहिलंय, जिच्या जर्नलवरून आपण आयत्या वेळी अख्खं जर्नल उतरवून काढलंय, ती आपल्याला मिक्स्ड मीडियातली तज्ज्ञ कशी मानणार? मानत नाहीच. ती म्हणते, "बरं, तू शिकव. तोवर मी लसूण सोलते."

तरीही मी हा वर्ग घेतला. तोही माथेरानला, तोही ऐन जुलैत. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एखादी गोष्ट ठरते तेव्हा ती कुणी ठरवली हे शेवटपर्यंत कळत नाही. कुणीतरी धबधब्याचा व्हिडिओ टाकला, कुणीतरी खाली "जाऊ या ना" लिहिलं, बँकवालीने माणशी खर्चाचा तक्ता टाकला आणि झालं, खोल्या आरक्षित. मग पावसात नुसतं बसून करायचं काय, हा प्रश्न आमच्या गणिताच्या बाईला पडला. नुसतं बसून आम्ही काय करतो हे तिला कॉलेजपासून ठाऊक आहे. पण निवृत्त शिक्षिकेला ऑफ तास बघवत नाही. "तू तुझं ते कागद चिकटवायचं घे ना," ती मला म्हणाली. माझ्या कलेचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही.

माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे पाय, घोडा, रिक्षा, नाहीतर अमन लॉजहून सुटणारी छोटी गाडी. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली नेरळहून वर पोचली. पावसाळ्यात ती नेरळहून निघत नाही, वरच्या वरच अमन लॉज ते माथेरान अशा खेपा घालते. त्याआधी १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा 'शोध' लावला होता. तिथले ठाकर आणि धनगर तोवर बहुधा स्वतःलाच सापडलेले नव्हते. ते असो. मुद्दा असा, की या डोंगरावर पावणेदोनशे वर्षांत लोकांनी पियानो नेले असतील, पलंग नेले असतील, बिलियर्डची टेबलं नेली असतील. पण घोड्याच्या पाठीवर रद्दी चढवणारी बाई घोडेवाल्याने पहिल्यांदाच पाहिली.

"ताई, जड आहे. पुस्तकं का?"

"नाही, कागद. जुने."

"म्हणजे रद्दी?"

"हो."

त्याने प्लास्टिकचा कागद पोत्यावर नीट खोचला, दोरी आवळली आणि बऱ्याच वेळाने मागे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "वर भाव जास्त आहे का?"

पोत्यात काय होतं ते सांगते. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठे कापलेले जाड पुठ्ठे. पांढऱ्या गोंदाचा डबा. अॅक्रिलिक रंग. जुन्या लग्नपत्रिका, कालनिर्णयची मागच्या वर्षांची पानं, पिवळी पडलेली वर्तमानपत्रं, शाळेचे नकाशे, एसटीची तिकिटं. जीर्ण साड्यांचे काठ, सुटी बटणं, तुटक्या घड्याळांची चाकं, जरीची गुंडी. वर पोत येण्यासाठी, म्हणजे चित्राला हाताला लागेल असा खरखरीतपणा येण्यासाठी, साबुदाणा, मसूर आणि राजगिरा. शिवाय जेसो. जेसो म्हणजे खडू आणि चिकट द्रव्य यांचं अस्तर. ते पुठ्ठ्यावर दिलं की वरचा रंग आत मुरत नाही. नाव परदेशी असलं तरी रीत आपल्याला नवी नाही. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, करताना कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूच चढवतात, मग घोटून गुळगुळीत करतात. हे मी मुद्दाम सांगायचं ठरवलं होतं, कारण जेसो म्हटल्यावर मैत्रिणी किंमत विचारणार आणि चिंचोके म्हटल्यावर माना डोलावणार.

वर्ग व्हरांड्यात भरला. विद्यार्थिनी चार: बँकवाली, गणिताची बाई, डॉक्टरीण आणि सुट्टीवर आलेली न्यू जर्सीवाली. पाचवे भाऊजी, म्हणजे बँकवालीचे यजमान, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. गाडी चालवायला कुणीतरी हवं म्हणून ते आले होते आणि गाडी दस्तुरीला लावून झाल्यावर त्यांना काहीच काम उरलं नव्हतं. रिकामा इंजिनिअर आणि भरलेला गोंदाचा डबा एका ठिकाणी ठेवू नयेत, पण पावसात त्यांना पाठवणार कुठे?

प्रत्येक वर्गाची सुरुवात "मला यातलं काही येत नाही हं" या वाक्याने होते. हे वाक्य धादांत खोटं आहे. याच बायकांनी भाचीच्या लग्नात कापसाची नऊवारीतली विहीणबाई, डाळींची रांगोळी, साखरेच्या क्यूबचा बंगला, आगपेटीच्या काड्यांची विहीर आणि बैलांच्या शिंगांना गोंडे लावलेली बैलगाडी असं रुखवत रात्री जागून मांडलेलं आहे. पॅरिसच्या गॅलरीत ते ठेवलं असतं तर खाली इंग्रजीत दीड पान माहिती आली असती. आपल्याकडे वरमायेने "छान आहे, पण बैल बारीक वाटतात" म्हटलं आणि विषय संपला.

मी थोडा इतिहास सांगायला घेतला. १९१२ साली पिकासोने एका चित्रात वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं ऑइलक्लॉथ चिकटवलं, भोवती दोरखंड गुंडाळला, आणि तिथून चित्रकलेत एक नवंच दालन उघडलं.

"ऑइलक्लॉथ म्हणजे आपण डायनिंग टेबलावर घालतो ते?" बँकवालीने विचारलं.

"जवळपास तेच."

"आमच्याकडे द्राक्षांचं आहे."

मग मी कुर्ट श्विटर्सकडे वळले. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा हा माणूस ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यात पडलेले कागद, लाकडाचे तुकडे वापरून अप्रतिम कोलाज करायचा. पुढे पुढे तर राहत्या घरातल्या खोल्या त्याने अशाच वस्तूंनी आणि प्लास्टरने भरत नेल्या. ते घर १९४३च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. व्हरांड्यात शांतता पसरली. मला वाटलं, कलाकृती गेल्याचं दुःख.

"बायको काही बोलली नाही त्याला?" डॉक्टरणीने विचारलं. त्यानंतरची दहा मिनिटं श्विटर्सच्या बायकोला वाहिली गेली. पसाऱ्याच्या प्रश्नावर जगभरच्या बायका एका बाजूला असतात. भाऊजी तेवढे तिकिटांच्या मुद्द्यावर विचारात पडलेले दिसले, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मेरी डेलनीचीही तीच गत झाली. अठराव्या शतकातल्या या इंग्लिश बाईने वयाच्या ७२व्या वर्षी रंगीत कागदाच्या बारीक बारीक पाकळ्या कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला घेतली आणि नजर अधू होईपर्यंत, दहाएक वर्षांत, जवळजवळ हजार फुलं केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आमच्या वयाला याहून उत्साहाची गोष्ट कोणती?

"नातवंडं नव्हती वाटतं तिला," गणिताची बाई म्हणाली.

नव्हती. मूलबाळच नव्हतं. पण हे मी सांगायच्या आत सगळ्यांनी मान हलवून प्रश्न निकाली काढला होता.

इतिहास आवरून मी प्रात्यक्षिकाला आले. पहिली पायरी सगळ्यात सोपी, असं माझ्या टिपणवहीत लिहिलेलं आहे: हातात येईल तो कागद घ्या आणि फाडा. कात्री नको. कात्रीने कापलेली कड चित्रात टोचते. फाडलेल्या कडेला धागे सुटतात, ती पातळ होत जाते आणि गोंद लागला की खालच्या थरात मिसळून जाते. कागदालाही उभाआडवा स्वभाव असतो. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ फाटत जातं, आडवं फाडलं तर वाट्टेल तिकडे पळतं. आपल्याला पळालेलं हवं आहे. तर, फाडा.

कुणी फाडेना.

बँकवालीने कालनिर्णयचं पान उचललं, उलटलं आणि थबकली. मागे उपवासाच्या भाजणीच्या थालीपिठाची कृती होती. "हे कसं फाडणार? पुढे लागेल." बरं, पुढून बघ. पुढच्या बाजूला माझ्याच हस्ताक्षरात दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि एका चौकोनात 'प्लंबर, संध्याकाळी नक्की' असं लिहिलेलं. ते पान काही वर्षांपूर्वीचं होतं. "आला का गं तो?" तिने विचारलं. नव्हता आला. मग प्लंबर या जमातीवर चर्चा झाली. न्यू जर्सीत प्लंबर तासाला किती घेतो हे ऐकून डॉक्टरणीने आपली प्रॅक्टिस चुकल्याचं जाहीर केलं. आणि पान घडी घालून बँकवालीच्या पर्समध्ये गेलं.

गणिताच्या बाईने वर्तमानपत्र घेतलं आणि माझी जरा आशा पालवली. तिने ते गुडघ्यावर पसरलं, चष्मा लावला आणि वाचायला लागली. जुनं वर्तमानपत्र ताज्यापेक्षा जास्त वाचनीय असतं, कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असतं. तिने आम्हाला भाववाढीची बातमी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हाचा तूरडाळीचा भाव ऐकून सगळ्यांनी उसासे टाकले. मग तिला अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं सापडलं. ते तसंच टाकून फाडायचं म्हणजे तिच्या मते अर्धवट गणित पुसायचं. कोडं सुटल्यावर तिने कागद फाडला खरा, पण पट्टी लावून, वरून खाली, मिलिमीटरचाही फरक न करता. "पळालेला हवाय," मी म्हटलं. "माझ्या वर्गात कुणी पळत नाही," ती म्हणाली.

लग्नपत्रिकांनी तर कहर केला. पत्रिका मी मुद्दाम निवडते. कागद जाड, सोनेरी शाई छान चमकते, रंग भडक. पण प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर गणपती असतो. गणपती फाडायचा? चार हात एकदम आखडले. "आधी गणपती वेगळा काढून घेऊ," असा तोडगा निघाला. डॉक्टरणीने पर्समधून सर्जिकल ब्लेड काढलं आणि सोंडेच्या शेवटच्या वळणापर्यंत एक रेघ न दुखावता गणपती सोडवला. भूल द्यावी लागली नाही. दुसरीने दिला, तिसरीने दिला, गणपतींची रांग लागली. आता हे सोडवलेले गणपती ठेवणार कुठे? टाकायचे तर नाहीतच. खाली ठेवायचे नाहीत. चहाच्या कपाजवळ नाहीत. अखेर ते चित्रातच, मध्यभागी, सर्वांत वरच्या थरावर बसवायचे ठरले. माझा विषय होता 'आठवणीतला पाऊस'. चार पुठ्ठ्यांवर चार गणपती विराजमान झाले, पाऊस आजूबाजूला जमेल तसा पडला.

गणपती निघाल्यावर तरी उरलेली पत्रिका फाडावी? तर तिच्यावर नावं असतात. "अगं, हे तर आमच्या नणंदेच्या चुलतसासऱ्यांकडचं कार्य." मी पत्रिका रद्दीवाल्याकडून घेतल्या होत्या, मला नवरा-नवरी कोण ते ठाऊक नव्हतं. बँकवालीला पाच मिनिटांत दोन्ही घराणी लागली. मग डॉक्टरणीने आवाज खाली आणून विचारलं, "टिकलं का गं हे?" टिकलं नव्हतं. तरीही ती पत्रिका कुणी फाडली नाही. उलट, मोडलेल्या लग्नाची पत्रिका आपल्या हातून आणखी फाटू नये, असा सूर निघाला. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" म्हणणारी त्या पत्रिकेतली चिमुरडी आता नोकरीला लागली असतील, हेही निघालं.

मला इथे एक सांगायचंच आहे. आमच्या पिढीला चिकटवणं जन्मजात येतं, फाडणं येत नाही. भेटवस्तूचा कागद चिकटपट्टीपाशी नखाने हलके सोडवून गादीखाली दाबून ठेवणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. लिफाफे उलटे करून त्यावर किराण्याची यादी. पाठकोऱ्या कागदांचं पॅड. जुन्या साड्यांच्या गोधड्या. आणि साडीचे काठ? त्यांची पिशवी उघडली तर वर्ग पुरता मोडला. एकेक काठ हातात घेऊन "नारायणपेठ", "हा इरकल", "हा पैठणीचा नाही हं, पैठणीची कॉपी आहे" अशी ओळखपरेड झाली. न्यू जर्सीवालीने एक अंजिरी काठ गालाला लावला आणि म्हणाली, आईकडे अशीच होती. तो काठ मी तिला देऊन टाकला. शिकवायचं ते तिला शिकवून झालं होतं असं समजायला हरकत नाही.

न्यू जर्सीवालीचं प्रकरण एरवी वेगळंच. ती तिथल्या क्राफ्टच्या दुकानातून संपूर्ण संच घेऊन आली होती. नक्षीदार चिकटपट्ट्या, शिक्के, कागदातून फुलपाखरं पाडणारं पंच, आणि मॉड पॉज नावाच्या गोंदाची बाटली. तिच्याकडे 'जुना दिसणारा' नवा कागदही होता. कडा मुद्दाम जळक्या, मध्ये चहाचे खोटे डाग. भाऊजींनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि किंमत विचारली. ऐकून म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या सगळ्या फायली अशाच होत्या. पेन्शनऐवजी त्याच मागायला हव्या होत्या."

डॉक्टरीण चष्मा खोलीत विसरल्याचं सांगून मधूनच सुटायला बघत होती. मी तिला बिनोदबिहारी मुखर्जींचं उदाहरण दिलं. शांतिनिकेतनच्या या थोर चित्रकाराची दृष्टी पन्नाशीनंतर पूर्ण गेली, तरी ते रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रं करत राहिले. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७२ साली 'द इनर आय' हा माहितीपट केला. डॉक्टरणीने लक्षपूर्वक ऐकलं आणि "ऑपरेशन कुणी केलं होतं?" असं विचारलं. धंद्याची नजर ही अशी. ती चष्म्याविना जात नाही.

कसेबसे थर बसले आणि माथेरानच्या हवेने सूत्रं हातात घेतली. पांढरा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे कण. पाणी उडालं की कण एकमेकांना घट्ट धरतात आणि पांढरट थर पारदर्शक होतो. म्हणजे आधी पाणी उडायला हवं. जुलैत, आठशे मीटर उंचीवर, व्हरांड्यातून ढग चालत जात असताना पाणी उडत नाही, उलट येऊन बसतं. सकाळी लावलेला गोंद दुपारच्या जेवणानंतरही तितकाच प्रसन्न पांढरा. गणपती हळूहळू खाली सरकू लागले. हेअर ड्रायर लावला तर वीज गेली. भाऊजींचा क्षण आला. त्यांनी पुठ्ठे रांगेत मांडले, मोबाइलवरच्या लेव्हलने ते सपाट आहेत का पाहिलं, प्रत्येकावर पाण्याच्या बाटल्यांचं वजन ठेवलं आणि जाहीर केलं, "याला क्युरिंगला वेळ द्या. स्लॅबला देतो तेवढा."

वजन ठेवून आम्ही आत चहाला गेलो आणि बाहेर माकडं आली. माथेरानच्या माकडाचा एकच नियम आहे: पिशवी दिसली की ती आपली. एकाने मसुराची पिशवी नेली आणि छपरावर बसून एकेक दाणा तपासला. दुसऱ्याने टिकल्यांचं पाकीट फाडलं. (फाडलं! सहज, आडवं, कुठलाही विचार न करता. मी मैत्रिणींना खिडकीतून बोलावून दाखवलं.) टिकल्या न आवडल्याने त्याने त्या बँकवालीच्या ओल्या पुठ्ठ्यावर ओतल्या. खरं सांगायचं तर चित्राला उठाव आला. तिने ते मान्य केलं नाही, टिकल्याही काढल्या नाहीत.

राजगिरा वाचला. साबुदाणाही वाचला, म्हणजे माकडांपासून. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. पोत शिकवायचा म्हणून मी पिशवी शोधायला लागले तर सापडेना. स्वयंपाकघरात डोकावले. माझा पोत गंजात भिजत पडला होता. "अन्न का चिकटवायचं गं," गणिताची बाई म्हणाली, "आणि मामांकडे उपासाचं काही नव्हतं." मामा म्हणजे तिथले स्वयंपाकी. रुखवतात हिनेच साबुदाण्याचं तुळशीवृंदावन केलं होतं, याची आठवण करून दिली, तर ती म्हणाली ते लग्नासाठी होतं. खिचडी मोकळी आणि उत्तम झाली. खाणाऱ्या सर्वांनी तिला कोर्सचा सर्वांत चांगला भाग म्हटलं.

संध्याकाळी प्रदर्शन मांडलं. पाहुण्यांत एकटे मामा. त्यांनी हात पुसले, ओळीने सगळे पुठ्ठे पाहिले, गणपतींना नमस्कार केला. एका पुठ्ठ्याच्या कडेला बोट लावलं, गोंदाचा वास घेतला आणि विचारलं, "मेथी नाही घातली?"

कशात?

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आजी जुने कागद भिजत घालायची, चांगले दिवसभर. सोबत मेथ्या भिजवायची आणि दोन्ही पाट्यावर वाटून एकजीव लगदा करायची. बांबूची टोपली किंवा सूप घ्यायचं, त्याला आतून-बाहेरून हा लगदा हाताने थापायचा, उन्हात खडखडीत वाळवायचं. मेथीच्या बुळबुळीतपणाने कागद धरतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड येत नाही. फटी बुजतात, पीठसुद्धा गळत नाही. वरून कुणी चुना लावायचं, कुणी रंगाची बोटं उमटवायचं. मामा हे सांगताना हवेत टोपली धरून थापत होते. आतून अंगठा, बाहेरून चार बोटं, आणि टोपली जरा जरा फिरवायची. मी वही काढली. वर्गात टिपण घेणारी मी एकटीच निघाले.

"कागद फाडायच्या का आजी?" मी विचारलं.

"फाडल्याबिगर भिजंल कसा?" मामा म्हणाले आणि पोळ्या टाकायला गेले. मी मैत्रिणींकडे पाहिलं. त्या मेथी किती घ्यायची यावर बोलत होत्या.

निघताना दस्तुरीला गाडी काढायची वेळ आली आणि पार्किंगवाल्याने पावती मागितली. भाऊजींनी खिसे चाचपले. पाकीट पाहिलं. मग त्यांचा चेहरा बदलला. श्विटर्स, ट्रामची तिकिटं, तो विचारात पडलेला चेहरा... मला सगळा उलगडा झाला. त्यांनी डिकी उघडून आपला पुठ्ठा काढला आणि दोन्ही हातांनी पार्किंगवाल्यापुढे धरला. वर डावीकडे, साडीच्या काठाखाली, नकाशातल्या कोकण किनारपट्टीला लागून, पावती. निळा रंग अर्धवट चढलेला, पण नंबर वाचता येत होता.

पार्किंगवाल्याने पुठ्ठा सुलटा धरला, उलटा धरला. तो म्हणाला, नंबरचा भाग जमा करावा लागतो. आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने पावतीचं टोक चिमटीत पकडून, आडवं, तिरकं, एका झटक्यात फाडून घेतलं. गोंद अजून ओला होता. कड अशी सुटली होती की मला शिकवूनही दाखवता आली नसती: पातळ, धागे बाहेर, खालच्या समुद्रात मिसळून गेलेली. मी बोट लावून सगळ्यांना दाखवली. "ही! ही हवी होती मला!" मागच्या गाडीने हॉर्न दिला. पार्किंगवाल्याने माफी मागितली.

भाऊजींचा तो पुठ्ठा आता त्यांच्या दिवाणखान्यात, फ्रेम करून, लेव्हल बघून लावलेला आहे. बाकी चौघींचे गणपती चैत्र-वैशाखात कधीतरी वाळले असं कळलं. पुढचं शिबिर भंडारदऱ्याला घ्यायचं ठरतंय, ग्रुपवर तक्ता आला आहे, आणि मामांचा लगदा शिकवायचा असल्याने यावेळी मला रद्दी बरीच जास्त लागणार आहे. तेव्हा तुमच्या घरात जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, वर्तमानपत्रं पडून असतील तर रद्दीवाल्याला घालू नका, माझ्यासाठी ठेवा. गणपती तेवढे आधीच कापून घ्या, पाककृती उतरवून घ्या, शब्दकोडी सोडवून टाका, आणि जमलं तर घरच्या घरीच थोडं फाडूनही ठेवा.